अर्थ लागला पाहिजे

मराठी शिकवणाऱ्या माणसाने विजेवर लेख लिहावा, हे काही वाचकांना अधिकाराबाहेरचे वाटेल. पण गेल्या वर्षी सहा महिने आमच्या घरात जी भाषा चालू होती ती ऐकून माझी खात्री झाली आहे, की हा विषय निम्मा तरी आमच्याच खात्याचा आहे. 'व्हॉल्व्ह' हा शब्दच घ्या. निर्वात केलेल्या काचेच्या दिव्यातून वीज एकाच दिशेने जाऊ देता येते, या गोष्टीचा उपयोग १९०४ साली जॉन अँब्रोज फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने करून घेतला. म्हणून इंग्रजांनी त्या वस्तूला व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, म्हटले. दोन वर्षांनी अमेरिकेत ली द फॉरेस्टने तीत एक बारीक जाळी घातली आणि क्षीण आवाज मोठा करण्याची वाट मोकळी झाली. अमेरिकन लोक मात्र तिला आजही नुसती 'ट्यूब' म्हणतात. नळी म्हणणाऱ्याने आकार पाहिला, झडप म्हणणाऱ्याने काम पाहिले. मला अर्थातच झडप पसंत आहे.

या झडपा आमच्या घरात आल्या त्या चिरंजिवांमुळे. वय अठरा, हातात विजेची गिटार. तिचा आवाज मोठा करणारे एक आटोपशीर आधुनिक यंत्र त्याच्यापाशी होते. पण त्यावर त्याचे समाधान नव्हते. व्हॉल्व्हच्या यंत्रावर ताण आला, की आवाज एकदम फाटत नाही. तो हळूहळू जाडा होत जातो, गवयाचा गळा तापावा तसा. हे त्याचे म्हणणे मी ऐकून घेतले आणि किंमत विचारली. किंमत ऐकल्यावर तोच म्हणाला, "बाबा, मी घरीच बांधतो."

बांधायचे ठरले ते फेंडर चँप नावाच्या यंत्राच्या जुन्या नकाशावरून. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली त्याने तिथे दुकान काढले आणि पुढे त्याच्या गिटारी जगभर गेल्या. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरचा त्याचा हा लहानसा चँप म्हणजे साधेपणाचा नमुना आहे. तीन व्हॉल्व्ह, एक कर्णा, आणि फिरवायला एकच बटन. ताकद सुमारे ५ वॉट. आवाज वाढवणारा '१२ एएक्स ७', कर्णा हलवणारा '६ व्ही ६' आणि घरच्या विजेला एका दिशेला लावणारा '५ वाय ३'. पहिलेपणी करावे ते असेच काही, हे मलासुद्धा पटले.

न पटण्यासारखा होता तो एक आकडा. या यंत्राच्या पोटात साडेतीनशे व्होल्टच्या आसपास वीज खेळते. आमच्या सौभाग्यवतींनी सगळे शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, "याने माणूस मरू शकतो का?"

"हो," मुलगा म्हणाला. खोटे बोलला नाही, हे मी त्याच्या खात्यावर जमा केले. 'चिरंजीव' हे विशेषण सार्थ राहावे अशी आम्हा दोघांची इच्छा असल्याने घरात एक अट घातली गेली : मामा शेजारी बसलेले असतील तरच झाकण उघडायचे.

हे माझे मामा. वय अठ्ठ्याहत्तर. पुण्यात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, आणि व्हॉल्व्हच्या रेडिओंबरोबर तेही गेले. पुढची चाळीस वर्षे त्यांच्या विद्येला कोणी गिऱ्हाईक नव्हते. लग्नकार्यात ते कोपऱ्यात बसत आणि कोणी बोलावले तर बोलत. मी फोन केला तेव्हा त्यांनी क्षणभर थांबून विचारले, "ट्रान्सफॉर्मर आहे ना मध्ये? नसला तर मी येणार नाही, आणि त्यालाही हात लावू देऊ नकोस."

मामा आले ते चार-पाच दिवस नुसते वस्तू हातात घेऊन पाहत राहिले. मुलाने बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास हिंडून सामान जमवले होते. वीज साठवून ठेवणाऱ्या ज्या नळकांड्यांना मुलगा 'कपॅसिटर' म्हणतो आणि मामा 'कंडेन्सर', ती ४५० व्होल्टची होती. दुकानदाराने "भरपूर झाली" असे सांगितले होते. मामांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. ट्रान्सफॉर्मर देतो ३२५. त्याला गुणिले १.४१४; म्हणजे ४६० च्या जवळ. बाकीचे व्हॉल्व्ह तापून वीज खाऊ लागेपर्यंत आकडा तिथपर्यंत चढू शकतो. "तुझे कंडेन्सर फुटणार. ५०० चे आण." मुलगा सायकल काढून पुन्हा पेठेत गेला.

फेंडरच्या नकाशात घरच्या विजेसाठी दोनच तारा आहेत. त्या काळची तिकडची तशी रीतच होती. मामांनी तिसरी घातली. लोखंडी चौकटीला, म्हणजे चॅसीला, भोक पाडून, रंग खरवडून, स्क्रूखाली ती हिरवी तार आवळून बसवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "अर्थ लागला पाहिजे." मी वीस वर्षे वर्गात हेच वाक्य म्हणत आलो आहे! फरक इतकाच, की माझ्या वर्गात अर्थ लागला नाही तर फारतर दोन गुण जातात.

मी म्हणालो, "पण मामा, घरात आर.सी.सी.बी. आहे. धक्का बसला तर वीज आपोआप तुटते."

"ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची," मामा म्हणाले. "पलीकडे तू त्या साडेतीनशे व्होल्टना आणि चॅसीला दोन हातांनी धरून उभा राहिलास तरी तिला पत्ता लागायचा नाही."

म्हणून दोन नियम झाले. पहिला, चालू यंत्रात मोजमाप करताना एकच हात पुढे. दुसरा हात खिशात, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीवाटे दुसऱ्या हाताने बाहेर पडत नाही. मामांच्या लेंग्याला खिसा नसल्याने ते हात पाठीमागे धरत. बागेत फिरायला निघालेल्या पेन्शनरासारखे ते दिसत, पण हसायची कोणाची छाती नव्हती. दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. पिन काढली म्हणजे यंत्र मेले असे धरायचे नाही. विशेषतः व्हॉल्व्ह काढून ठेवलेले असले, तर कंडेन्सरातली वीज खायला कोणी उरत नाही आणि ती तशीच बसून राहते. ती झिरपून जावी म्हणून मामांनी आडवा एक २२० किलोओहमचा, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडून दिला. त्याने अर्ध्या मिनिटात आकडा साताठ व्होल्टच्या आत येतो. "पण तो रेझिस्टरही तुटू शकतो. म्हणून दर वेळी मोजायचं. मोजल्याशिवाय बोट घालायचं नाही."

एका संध्याकाळी मुलगा कंटाळून म्हणाला, "मामाआजोबा, आत्ताच तर मोजलं होतं!" मामांनी हातातले पक्कड खाली ठेवले. त्यांच्या दुकानाशेजारी दुसरे एक दुकान होते, तिथे एक मुलगा कामाला होता. तेव्हा ट्रान्सफॉर्मर नसलेले स्वस्त रेडिओ येत. त्यांच्या चॅसीला घरच्या विजेची एक तार थेट जोडलेली असे आणि पिनला दोनच पाय. पिन एका बाजूने घातली तर ठीक. उलटी घातली तर सगळी चौकट २३० व्होल्टवर. पावसाळ्याचे दिवस होते, फरशी ओली, मुलगा अनवाणी. "तुझ्याच वयाचा होता," मामा म्हणाले. "त्या दिवशी सकाळीही त्यानं तोच रेडिओ हाताळला होता. मधे कोणीतरी पिन काढून पुन्हा घातली, एवढंच." ही हकीकत मी त्यांचा सख्खा भाचा असून कधी ऐकली नव्हती. त्यानंतर मुलाने मोजण्याबद्दल तक्रार केली नाही.

पहिल्यांदा वीज द्यायची तर मध्ये एक जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब ओळीत जोडावा लागतो. यंत्रात कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सामान वाचते. (सामानच. माणूस नव्हे, हे मामांनी तीनदा सांगितले.) आता तसा बल्ब दुकानात सहज मिळेना, जिकडेतिकडे एलईडी. शेवटी माळ्यावरच्या आकाशकंदिलात ६० वॉटचा सापडला. आधी व्हॉल्व्ह न घालता वीज दिली. बल्ब किंचित चमकला आणि विझल्यासारखा झाला. व्हॉल्व्हच्या वातींना लागणारे ६.३ व्होल्ट मोजले. मग कर्णा जोडलेला आहे ना हे पाहिले, कारण कर्ण्याशिवाय असे यंत्र चालवले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग व्हॉल्व्ह घातले आणि शेवटी बल्ब काढून सरळ वीज दिली. '६ व्ही ६'च्या पायाशी असलेल्या ४७० ओहमच्या रेझिस्टरवर २० व्होल्ट, म्हणजे ४० मिलिअँपिअरच्या थोडे वर. मामांनी मान डोलावली. मुलाने गिटार लावली आणि बटन फिरवले.

यंत्राने जी किंकाळी फोडली ती ऐकून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले.

मुलाचा चेहरा उतरला. मामांचा मात्र उजळला. कर्ण्याकडून थोडा आवाज उलटा मागे पाठवून मूळ आवाजाला आवर घालायचा, अशी या नकाशात योजना आहे. मागे जाणारा आवाज उलट्याऐवजी सुलट गेला, तर आवर घालण्याऐवजी तो आगीत तेल ओततो. पिन काढली, थांबले, मोजले. ती मागे जाणारी तार सोडवली, किंकाळी बंद. म्हणजे निदान बरोबर. पुन्हा पिन काढली, थांबले, मोजले. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या '६ व्ही ६'कडच्या गुंडाळीच्या दोन तारांची अदलाबदल केली, सोडवलेली तार परत जोडली, दोन्हींना नीट डाग दिला.

या वेळी बटन फिरवल्यावर फक्त एक बारीक घरघर आली, जुना रेडिओ लागण्याआधी यायची तशी. मग मुलाने एक तार छेडली. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मुलगा दहा मिनिटे वाजवत होता. त्याला आणखी वाजवायचे होते, पण मामांना एक सांधा पुन्हा पाहायचा होता. त्यांनी पिन काढायला लावली आणि मीटरकडे बोट दाखवले.

मुलगा डावा हात खिशात घालून आकडे वाचू लागला. "एकशेवीस... साठ... तीस... बारा... सहा."

मामांनी पाठीमागचा हात पुढे घेतला आणि चहा मागितला.