तिरकी स्कूटर

सॅन होजेत एकाकडे २००९ची माझदा आरएक्स-८ विकायला आहे. १.३ लिटरचं रोटरी इंजिन, ९००० आरपीएमपर्यंत चढणारं. पिस्टन नाहीतच, त्रिकोणी रोटर फिरतात. त्यांच्या टोकांचे सील झिजले की कॉम्प्रेशन जातं आणि इंजिनच उघडावं लागतं. शिवाय ते थोडं तेल मुद्दाम जाळतं. सर्व्हर पडू नये याचा मी पगार घेतो, आणि घराच्या डाउन पेमेंटला हात लावून घ्यायचं काय, तर हे!

बाबांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. म्हणाले, "अरे, आपली स्कूटर रोज तिरकी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही. तरी विकली त्या रात्री मी जेवलो नव्हतो."

शनिवारी कॉम्प्रेशन टेस्ट आहे. आकडे बरे आले तर घेणार. नाही आले, तर बाबांना काय सांगायचं, हा खरा प्रश्न आहे.