कागदाचा जोड

सांगोल्याकडचे डाळिंबवाले शेततळ्यात जे अंथरतात त्याला सगळे 'कागद'च म्हणतात. असतं ते 500 मायक्रॉनचं, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक! मामांच्या तळ्यात तो जोडताना पाहिला आणि चाटच पडलो. गोंद नाही, टाके नाहीत. लांब सरळ जोड मशीनवर होतात, पण कोपरे आणि ठिगळं हातानेच. एका पट्ट्यावर दुसरा चढवायचा, मधे हॉट एअर गनचं तोंड धरायचं, मागोमाग रोलर दाबत न्यायचा. दोन्हीकडचं प्लास्टिक वितळून एकजीव होतं. हवा कमी तापली तर जोड वरवर चिकटतो आणि नंतर उकलतो. जास्त तापली तर कागदच जळतो. धूळ नको, ओल नको. त्यात सोलापूरचं ऊन! सकाळचं सेटिंग दुपारी चालत नाही, म्हणून कारागीर आधी कात्रणावर जोड मारून, थंड झाला की ओढून बघतो. कागद ताणला तरी चालेल, जोड सुटता कामा नये. (आमचं टेस्टिंग इतकं निर्दय नसतं, राव..)

मामा तरी प्रत्येक जोडाच्या कडेने बोथट स्क्रूड्रायव्हर फिरवत होते. तळाशी वीतभर जोड उकलला तर पावसाळ्यात भरलेलं तळं ऐन उन्हाळ्यात कोरडं, आणि बाग टँकरवर. शेजारच्यांचं तसंच झालं. त्यांनी यंदा बागच काढली.