आम्ही, मी आणि दूरध्वनी

मराठी शिकवणाऱ्यांकडे इंग्रजीच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायला कुणी येईल, असे आम्हां दोघांना कधी वाटले नव्हते. पण ऑगस्ट २०१० मध्ये तसे घडले खरे. आम्ही तेव्हा तिशीत होतो आणि परळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. इंग्रजी विभागातले एक सहकारी शिक्षकखोलीत शेजारी येऊन बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "संध्याकाळी घरी याल का? एक काम आहे. विभागात मात्र बोलू नका." ते आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना 'सर'च म्हणत असू. येथेही तेवढेच म्हणतो.

काम असे होते. इथिओपियातल्या एका विद्यापीठाकडे सरांनी इंग्रजीच्या अध्यापनासाठी अर्ज केला होता आणि दूरध्वनीवरून मुलाखत घेऊ, असे उत्तर आले होते. त्या दशकात तिथे नवी विद्यापीठे भराभर उघडत होती. उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, शिक्षक अपुरे. भारतीय शिक्षकांना त्या देशाची वाट नवी नव्हती. सम्राट हैले सेलासींच्या काळापासून आपल्याकडचे शिक्षक तिथल्या शाळांतून शिकवत आले होते. सर सेट उत्तीर्ण होते, पण आठ वर्षे तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास, तितके मानधन. सुट्टीत काहीच नाही. जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज.

सरांचे घर लालबागला, चाळीत. वडील अण्णा गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि इतर हजारोंप्रमाणे त्यांचीही गिरणी त्यांच्यापुरती संपली. सरांच्या नोकरीचे स्वरूप अण्णांना आम्ही एकदा समजावून सांगू लागलो, तेव्हा त्यांनी मध्येच थांबवले. "म्हणजे बदलीच की! आम्ही सकाळी गेटावर उभे राहायचो, कोणी आला नाही तर आत घ्यायचे. तुमच्यात फक्त गेट दिसत नाही." उच्च शिक्षणातील कंत्राटीकरणावर आम्ही पुढे पुष्कळ चर्चासत्रे ऐकली, यापेक्षा नेमके विधान ऐकले नाही.

तयारी सुरू झाली. एकाने आतल्या खोलीत बसून परीक्षक व्हायचे, सरांनी बाहेर गॅलरीत मोबाइल कानाला लावून उत्तरे द्यायची आणि दुसऱ्याने शेजारी बसून टिपणे काढायची. पहिल्या दोन दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली. समोरासमोर बोलताना आपण निम्मे बोलणे मानेने आणि डोळ्यांनी करतो. सर प्रश्न ऐकून मान हलवीत, विचार करीत आणि मग बोलत. आतल्या खोलीत मात्र नुसती शांतता पोचे. परदेशच्या तारेवर अशा शांततेचा अर्थ 'याला प्रश्न समजला नाही' असाच होणार. म्हणून प्रश्नातले दोन शब्द उचलून उत्तराला आरंभ करायचा, तेवढ्यात पुढचे सुचते, अशी युक्ती आम्ही काढली. कीर्तनकार पूर्वरंगात हेच करतात, असे आम्ही म्हणालो तेव्हा सर प्रथमच मोकळे हसले.

दुसरी अडचण व्याकरणाची होती आणि ती आमच्याच प्रांतातली निघाली. 'स्वतःविषयी सांगा' या प्रश्नाला सर 'वुई' म्हणून उत्तर देत. 'आम्ही कविता अशी शिकवतो', 'आमच्या वर्गात आम्ही असे करतो'. आतून परीक्षक विचारी, "वुई म्हणजे कोण?" आणि सर अडखळत. मराठी शिक्षकाच्या तोंडी 'मी' सहज येत नाही. स्वतःचे कर्तृत्व सांगायची वेळ आली की तो अनेकवचनाच्या आडोशाला जातो. त्यात नम्रता असते, थोडा रुबाबही असतो, आणि कधी खरोखरच आपण एकटे नसल्याची जाणीव असते. रमाबाई रानड्यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींच्या नावात 'आमच्या आयुष्यातील' हे शब्द आहेत. न्यायमूर्तींकडून इंग्रजी शिकताना घरातल्या बायकांचा रोष सोसणारी ही स्त्री आपली कथा एकवचनात सांगत नाही. हे सारे आम्ही वर्गात रंगवून सांगत असू. सरांना मात्र आम्ही आठवडाभर बजावत राहिलो, 'आय' म्हणा, 'आय' म्हणा.

मग उच्चार. व्हीसाठी आणि डब्ल्यूसाठी मराठीत एकच 'व'; तो वेगळा करून घेतला. इंग्रजीत आघात सरकला की स्वर बदलतो, 'फोटोग्राफ'चा 'फटॉग्रफर' होतो. मराठी कानाला ही सवय नाही. सर मराठी माध्यमाच्या महापालिका शाळेतून आलेले, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेले. वाक्यरचना निर्दोष, शब्दसंग्रह आमच्या दुप्पट. तरीही आम्ही, ज्यांना इंग्रजी विभागाच्या दारात उभे राहतानाही संकोच वाटे, रोज संध्याकाळी त्यांच्या बोलण्यातली मराठी खरवडून काढत होतो. आणि सकाळी वर्गात मातृभाषेच्या महत्त्वावर व्याख्यान देत होतो.

'नेटिव्ह स्पीकर' हा शब्द तेव्हा आमच्या बोलण्यात वारंवार येई. ब्रज काचरू यांनी १९८५ साली इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळे मांडली: जिथे ती जन्मभाषा आहे ते आतले, भारतासारख्या देशांचे बाहेरचे, आणि जिथे ती परकी भाषा म्हणून शिकली जाते ते विस्तारते. सिद्धांत म्हणून हे सोयीचे. पण अर्ज करताना वर्तुळाची रेघ कुंपण होते. दक्षिण कोरियात इंग्रजी संभाषण शिकवण्याचा व्हिसा ठरावीक सात देशांच्या नागरिकांपुरताच होता. भारताशी झालेला करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, तेव्हा आपल्या शिक्षकांसाठी दार जरासे किलकिले झाले. ज्या शहरात बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापून 'दर्पण' काढले, त्या शहरातल्या इंग्रजीच्या शिक्षकाला आपले इंग्रजी आपले आहे, हे अजून सिद्ध करावे लागत होते.

मुलाखतीची वेळ 'चार वाजता, स्थानिक वेळ' अशी कळली. त्यांचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे. म्हणजे आपले साडेसहा, असा हिशेब आम्ही केला. परंतु इथिओपियात दिवस सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, हे आमच्यापैकी एकाच्या वाचनात आले. सरांनी विचारणा केली आणि उत्तर आले: होय, सकाळचे दहा. म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. प्रहर मोजणाऱ्या पूर्वजांना ही चूक झाली नसती. त्यांचे पंचांगही निराळे. त्या वर्षी ११ सप्टेंबरला तिथे २००३ सालाचा पहिला दिवस होता आणि आपल्याकडे गणेश चतुर्थी.

मुलाखत त्याच आठवड्यात होती. गणपतीत लालबागला शांत खोली शोधणे म्हणजे भरतीच्या वेळी चौपाटीवर कोरडी वाळू शोधणे. महाविद्यालयाला सुट्टी. गिरगावात आमच्यापैकी एकाचे बिऱ्हाड होते, पण तिथेही वाडीचा मांडव दारातच. शेवटी दादरला, हिंदू कॉलनीत, आमच्या एका मावशींचे घर मिळाले. मावशींनी दुपारची आरती अर्धा तास पुढे ढकलली आणि दूरध्वनीखाली हातरुमाल पसरला.

आम्ही दोघे स्वयंपाकघरात बसलो होतो. सरांचे तेवढे ऐकू येत होते. सुरुवातीची पाच मिनिटे त्यांनी सारे आमच्या शिकवणुकीप्रमाणे केले; 'आय' म्हणाले, 'व' वेगळे केले, आणि आवाज त्यांचा वाटेना. मग बहुधा असा प्रश्न आला की, ज्यांना इंग्रजी वाक्य धड कळत नाही अशा साठ मुलांना कविता कशी शिकवाल. सर क्षणभर गप्प झाले. आमच्या पोटात गोळा आला. नंतर ते बोलू लागले ते थेट लालबागच्या इंग्रजीत. ते म्हणाले, घरात इंग्रजी कुणाला येत नव्हते, पण वडिलांच्या गिरणीतून जॉबर, बॉयलर, शिफ्ट असे शब्द रोज घरी येत. भाषा आधी कामाच्या वस्तू म्हणून हाती येते, अर्थ मागून येतो. वर्गातही आम्ही तसेच करतो. 'वुई' म्हणाले ते. पलीकडून काही विचारले गेले असावे, कारण सर शांतपणे उत्तरले, "माय स्टुडंट्स अँड आय." त्यानंतर वीस मिनिटे ते बोलत होते, हसतही होते.

सरांची निवड झाली. ते गेले, तीन वर्षे राहिले. पहिल्या पत्रात त्यांनी लिहिले होते की, तिथल्या लिपीत प्रत्येक व्यंजनाची स्वरांप्रमाणे सात रूपे आहेत, आणि आपल्या बाराखडीची कल्पना दिल्यावर ती महिनाभरात वाचता आली. आपल्या इंग्रजीविषयी त्यांनी अवाक्षर लिहिले नव्हते. तो प्रश्न तिथे कुणालाच पडला नसावा. इकडे त्यांचे तास दुसऱ्या एका तरुणाला मिळाले, तासिका तत्त्वावर.

आम्हांला मात्र त्या दहा संध्याकाळींनी एक अस्वस्थता दिली. एम.ए.च्या तोंडी परीक्षेला आम्ही वर्षानुवर्षे 'आनि', 'पानी' म्हणणाऱ्यांचा एखादा गुण सहज कापत असू. नियमांत तसे काही नव्हते. कान तेवढा टोचे. सरांच्या बाबतीत ज्या कुंपणाची आम्हांला चीड आली, तसेच कुंपण आम्ही आमच्या भाषेत उभारले होते आणि त्याला प्रमाण मराठी म्हणत होतो. प्रमाणभाषा नको, असे आमचे म्हणणे नाही; लिहिताना ती हवी, आणि ती शिकवणे हे आमचे कामच आहे. पण विद्यार्थ्याला काय म्हणायचे आहे ते ऐकण्यापूर्वी तो कुठून आला हे ऐकणे, हे काम नव्हे.

आता आम्ही चाळिशी ओलांडली आहे. मुलाखती पडद्यावर होतात, चेहरे दिसतात. मागच्या तोंडी परीक्षेत एका मुलीने उत्तराची सुरुवात 'आमी' अशी केली आणि तिची तीच दचकून थांबली. आमच्याकडे पाहू लागली. आम्ही म्हणालो, "पुढे बोल." ती चांगले बोलली. गुण दिले, पण ती दचकली का, हे विचारायचे राहून गेले. तिला दचकायला आमच्याच कुणा सहकाऱ्याने शिकवले असेल, किंवा पूर्वी कधीतरी आम्हीच.