पांढरा डाग

न्यूमोनिया झालेल्या माणसाच्या एक्स-रेत फुफ्फुसावर पांढरा डाग दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, हाच तो रोग. गेल्या पावसाळ्यात आबांना न्यूमोनिया झाला तेव्हा आमच्या घरातही सगळ्यांचं लक्ष त्या डागावरच होतं. ताप पाचव्या दिवशी उतरला, पण डाग काही जाईना. "औषध लागू पडलं न्हाई काय रं?" आई सारखी विचारायची. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. वेळ का लागतो, ते शोधत मग मी वाचत बसलो.

फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांमध्ये मॅक्रोफेज नावाच्या पेशी राखणीला असतात. जंतू थोडे असले तर त्या परस्पर गिळून टाकतात. जास्त झाले की हाक घालतात, आणि काही तासांतच रक्तातून न्यूट्रोफिल धावत येतात. हे जंतू मारतात आणि थोड्या वेळानं स्वतःही मरतात. एक्स-रेतला तो डाग म्हणजे बराचसा हाच गर्दा... पाणी, जिवंत-मेलेल्या पेशी, जंतू. रोग आणि राखण, दोन्ही एकाच डागात!

यातलं बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. उंदराच्या नाकात जंतू सोडायचे आणि ठरावीक तासांनी फुफ्फुसात कुठल्या पेशी किती आल्या ते मोजायचं. न्यूट्रोफिल आधीच काढून टाकले तर जंतू बेसुमार वाढतात. पण आलेले न्यूट्रोफिल वेळेत आवरले नाहीत, तर त्यांच्याच रसायनांनी फुफ्फुस पोळतं. म्हणून मेलेले न्यूट्रोफिल गिळून जागा साफ करायचं कामही मॅक्रोफेजकडेच. वयस्कर माणसाचा डाग जायला दीड-दोन महिनेसुद्धा लागतात, ते यासाठी.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे ऊस कारखान्याला गेला, रानात पाचट ऱ्हायलंय!" बिद्रीत यापेक्षा सोपं कोण सांगणार?

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. प्रयोगशाळेतले उंदीर फार स्वच्छ पिंजऱ्यात वाढतात. २०१६ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की त्यांची प्रतिकारशक्ती माणसाच्या नवजात बाळासारखी असते. पाळीव प्राण्यांच्या दुकानातले उंदीर त्यांच्यात सोडले, तर काही स्वच्छ उंदीर मेले. जे जगले त्यांची प्रतिकारशक्ती मोठ्या माणसासारखी झाली.

आबांनी जन्मभर चिखल, धूळ आणि पाचटाचा धूर अंगावर घेतला. पिंजऱ्यातल्या उंदरानं त्यांच्या दुखण्याबद्दल पुष्कळ शिकवलं, त्याचे उपकार आहेतच. पण आबांचं शरीर पुरतं समजायचं, तर आमच्या उसात बिळं करणारा उंदीरच त्यांच्या जास्त जवळचा असावा, असं मला वाटतं.