ठिपक्यांचा ओछाड

घरात मतभेद व्हायला मोठा विषय लागतो, असा एक समज आहे. बडोद्यातल्या आम्हा मराठी माणसांना तो खरा वाटत नाही. आमच्या घरी भाषेवरून कधी भांडण झाले नाही. वरणात गूळ किती घालायचा, हाही प्रश्न केव्हाच मिटला. अडले ते एका चादरीवर.

आमची सूनबाई गुजराती माहेरची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तिने स्वतःच्या पगारातून मंगळबाजारातून एक ओछाड आणला. गुजरातीत चादरीला ओछाड म्हणतात. मोहरीसारख्या पिवळ्या रंगावर काळे ठिपके, आणि वेष्टनावर लिहिलेले, ‘चित्ता प्रिंट’. आमच्या सौ.च्या मते पलंगावर पांढऱ्यावर बारीक फुले असावीत, नाहीतर सरळ सोलापुरी चादर. माझ्या ऐंशी ओलांडलेल्या आईने तर तो पाहताच पाय आखडून घेतले. सूनबाई घाईने म्हणाली, “आजी, आ तो खाली प्रिंट छे!” गुजरातीत ‘खाली’ म्हणजे नुसते. आईने मराठी अर्थ घेतला. “खाली काय नि वर काय, वाघाच्या अंगावर मी झोपायची नाही.”

मास्तराचा स्वभाव जात नाही. मी ठिपके निरखले आणि सांगितले, की हा चित्ता नव्हे, बिबट्या. चित्त्याचे ठिपके भरीव आणि सुटे. बिबट्याचे मध्ये पोकळ, पाकळ्यांसारखे गोल मांडलेले. सूनबाई हळूच म्हणाली, “म्हणजे मम्मी, फुलंच झाली की!” मी हसलो, चिरंजीव हसले; सौ. हसली नाही. संध्याकाळी तो ओछाड घडी होऊन कपाटात गेला.

आईचे म्हणणे निव्वळ हट्टाचे नव्हते. आपल्याकडे कातडे हे योग्याचे आसन. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानासाठी दर्भ, अजिन आणि वस्त्र असे थर सांगितले आहेत. शंकर व्याघ्रांबरावर बसतो, तो संसार सोडून. ज्याच्यावर बसून विरक्त व्हायचे, ते नवराबायकोच्या पलंगावर कसे घालायचे? प्रश्न बिनतोड आहे.

पण याच गावाला दुसराही इतिहास आहे. गायकवाडांच्या पदरी काळविटांच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते. संस्थानी काळातल्या जुन्या छायाचित्रांत असे चित्ते चक्क खाटेवर बसलेले दिसतात, आणि त्यांना सांभाळणारा माणूस शेजारी. खरे जनावर ज्या काळी खाटेवर चढले, त्याच काळाच्या जवळची माणसे आज कापडाला बिचकतात! पुढे १९५२ साली आपल्या देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आणावे लागले.

घराणी बदलतात, तशा आवडीही. याच राजघराण्यातले फत्तेसिंहराव गायकवाड पुढे वन्यजीवांच्या रक्षणासाठी झटले. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या भारतीय शाखेचे ते अध्यक्ष होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर दिवाणखान्यात वाघाचे कातडे पसरणे ही शान राहिली नाही. आता ठिपके उरले आहेत ते कापडावर, आणि त्यासाठी कोणा जनावराचा जीव जात नाही. सूनबाईच्या पिढीला त्यांत ना तपश्चर्या दिसते, ना शिकार. तिला दिसते एक उबदार, खेळकर नक्षी. आईला दिसते ते आईच्या डोळ्यांनी खरे, तिला दिसते ते तिच्या.

मला खटकत होती ती कपाटातली घडी. आपल्याला वाटते, आपण वस्तू नाकारली. आणणाऱ्याला वाटते, आपल्यालाच नाकारले. दोन भाषांच्या घरात तर हे फार लवकर वाटते. नापसंती रंगाची असली तरी ऐकू येते माहेरची. मुलगी उंबरठा ओलांडून आली खरी, पण तिची एकही वस्तू घरात दिसत नसेल, तर ती पाहुणीच राहते.

म्हणून मी सौ.शी बोललो. ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “माझ्या सासरी माझी पहिली चादर तुमच्या आईनेच अंथरली होती.” पुढचे मला सांगावे लागले नाही. जो ज्या पलंगावर निजतो, त्याच्या आवडीची चादर त्यावर, असे ठरले. आईच्या दिवाणावर सोलापुरी, आमच्याकडे बारीक फुले, मुलांच्या खोलीत ठिपके. बाहेरच्या खोलीत आळीपाळीने.

आईला ते ठिपके अजून आवडत नाहीत, आणि आवडून घ्यावेत असा आग्रह कोणी धरत नाही. पण बाहेरच्या खोलीत ठिपक्यांची पाळी असली आणि कोणी पाहुणा तिकडे पाहत राहिला, की ती आपण होऊन सांगते, “हा ओछाड आमच्या नातसुनेने आणलाय. स्वतःच्या पगारातून.”