पडद्यावरची वाडी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दुपारच्या वेळी वडीलधाऱ्यांच्या हातात आता मोबाईल किंवा टॅब्लेट दिसतो आणि त्यावर एखादा खेळ चाललेला असतो. कोणी ल्युडो खेळते, कोणी पत्ते, कोणी रंगीत गोळ्या जुळवते. या खेळांच्या गुणदोषांविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. मला जे सांगायचे आहे ते जरा निराळे आहे. हे खेळ एका जागी थांबत नाहीत. ते बदलतात, त्यांचे पुढचे भाग निघतात आणि कधीतरी ते बंदही पडतात. त्या बदलाचे ओझे वयस्कर खेळाडूच्या मनावर कसे पडते, इकडे घरातील मंडळींचे सहसा लक्ष जात नाही.

आम्ही वसईजवळच्या सांडोरचे. माझ्या सासऱ्यांची, ज्यांना आम्ही सारे बाबा म्हणतो, हयात केळीच्या वाडीत गेली. बावखलाचे पाणी, केळीची आळी, भाजीचे वाफे आणि पहाटे मुंबईला निघणारा माल एवढेच त्यांचे विश्व होते. गुडघे साथ देईनात तेव्हा वाडी दुसऱ्याच्या हाती सोपवावी लागली आणि बाबांचा दिवस ओटीवरच्या खुर्चीपुरता उरला. माझ्या मुलाने त्यांना टॅब्लेटवर शेतीचाच एक खेळ लावून दिला. बाबांनी आधी त्याची यथेच्छ टिंगल केली. "कीड नाही, दलाल नाही, दहा मिनिटांत गाजर तयार. ही कसली शेती?" तरीही आठवडाभरातच ते तिथे सकाळ-संध्याकाळ पाणी देऊ लागले. वाफे त्यांनी आपल्या जुन्या वाडीच्याच क्रमाने मांडले होते: विहिरीजवळ भाजी, कडेने केळी, मागच्या अंगाला फुलझाडे. दोन वर्षे हा क्रम अखंड चालला. रक्तदाबाची सकाळची गोळीसुद्धा ते 'पाणी देऊन झाले की' घेत.

एका सकाळी तो खेळ बदललेला निघाला. रात्री चार्जिंगला लावलेल्या टॅब्लेटने त्याची नवी आवृत्ती परस्पर उतरवून घेतली होती. उजव्या कोपऱ्यातील झारी नाहीशी झाली होती, अक्षरे बारीक झाली होती, कोठार दोन पाने आत गेले होते आणि मधूनच जाहिरात उसळत होती. बाबांनी अर्धा तास शोधाशोध केली. कोणालाही हाक मारली नाही. मग टॅब्लेट माझ्या हाती देत ते शांतपणे म्हणाले, "हे ठेवून दे आता. माझं डोकं चालेनासं झालंय."

त्यांच्या थोरल्या भावाला अखेरच्या काळात विस्मरणाने ग्रासले होते. घरातल्या माणसांना ओळखेनासे झालेले ते डोळे बाबांनी जवळून पाहिले होते. तेच आता आपल्या दारी आले, असे त्यांनी मनाशी धरले. त्या आठवड्यात गोळी घेतली की नाही, हे ते दिवसातून तीनतीनदा विचारू लागले. फोन वाजला की दुसऱ्याकडे देऊ लागले. घरखर्चाची वही, जी त्यांनी कधी कोणाच्या हाती लागू दिली नव्हती, ती एका संध्याकाळी मुकाट्याने माझ्यापुढे सरकवली.

शेवटी मी टॅब्लेट उघडला आणि मुलाला शेजारी बसवले. त्यालाही झारी सापडेना. पाच मिनिटे झाली, सहा झाली. बाबा खुर्चीत पुढे वाकले. "म्हणजे यालाही सापडत नाही!" त्या आवाजात कित्येक दिवसांनी धार आली होती. मुलाने पूर्वी कौतुकाने या वाडीचे एक पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले होते. ते फोनवर उघडून आम्ही टॅब्लेटशेजारी धरले आणि काय काय कुठे हलवले आहे ते बाबांनाच बोट ठेवून दाखवायला सांगितले. सात बदल त्यांनी शोधले. आमच्या नजरेत चारच आले होते. वही दुसऱ्या दिवशी त्यांनी परत मागून घेतली.

असे का होते, ते समजून घेण्याजोगे आहे. कॅरमचा बोर्ड एकदा घरात आला की तो आपला. सोंगट्या हरवतील, पण बनवणारा रात्री येऊन त्याची भोके दुसरीकडे नेणार नाही. मोबाईलवरचे बरेचसे खेळ मात्र कंपनीच्या दूरच्या संगणकांच्या आधारावर चालतात. तिने सुधारणा धाडल्या की खेळ बदलतो, पुढचा भाग आणला की जुन्याकडे दुर्लक्ष होऊ शकते आणि आधार काढून घेतला की खेळ मिटतो. शेतीच्या खेळांत सर्वाधिक गाजलेला 'फार्मव्हिल' याचे ठळक उदाहरण. झिंगा कंपनीने तो जून 2009 मध्ये फेसबुकवर आणला आणि एरवी असल्या खेळांच्या वाटेला न जाणाऱ्या कोट्यवधी लोकांनी त्यात नांगरणी-पेरणी केली. 2012 मध्ये त्याचा दुसरा भाग निघाला. पहिला खेळ अ‍ॅडोबीच्या 'फ्लॅश' या तंत्रावर उभा होता. 2020 च्या अखेरीस फ्लॅशची साथ थांबेल, असे अ‍ॅडोबीने 2017 मध्येच जाहीर केले होते. त्याप्रमाणे 31 डिसेंबर 2020 रोजी पहिले फार्मव्हिल बंद झाले. अकरा वर्षे राखलेली शेते त्या दिवशी मिटली. तिसरा भाग 2021 मध्ये आला, पण कसलेल्या शेताला नवे शेत हा पर्याय होतो का, हे एखाद्या शेतकऱ्यालाच विचारावे.

सगळेच निर्माते असे करतात असे नाही. 'कँडी क्रश सागा' 2012 चा. त्यानंतर 2014 मध्ये 'सोडा' आणि 2016 मध्ये 'जेली' हे भाऊबंद आले, तरी मूळ खेळात नवे टप्पे येतच राहिले. निन्टेन्डोच्या 2006 च्या 'वी स्पोर्ट्स'ने परदेशांतील वृद्धनिवासांत आजी-आजोबांना उभे राहून, हात फिरवून बोलिंग खेळायला लावले. त्याच परंपरेतील 'स्विच स्पोर्ट्स' 2022 मध्ये आला आणि विक्रीनंतर काही महिन्यांनी त्यात गोल्फ विनामूल्य जोडला गेला. आपल्या नवी मुंबईच्या गेमिशन कंपनीचा 'ल्युडो किंग' 2016 चा. टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला आणि खेळताखेळता बोलण्याची सोय त्यात नंतर आली. कॅनडातील माझी जाऊ आणि इथल्या सासूबाई आजही तिच्या आधारे सोंगट्या मारताना एकमेकींवर लटक्या रागाने ओरडतात.

2014 चा 'द क्रू' हा मोटारशर्यतींचा खेळ युबिसॉफ्टने 2024 मध्ये बंद केला, तेव्हा पैसे मोजून घेतलेला खेळ खेळता येईल अशा स्थितीत मागे ठेवावा, अशी मागणी युरोपात उठली आणि जुलै 2025 पर्यंत तिला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. चळवळ तरुणांची आहे; तक्रार मात्र बाबांना शब्दशः कळली.

आपल्या घरी करण्यासारखे थोडे आहे, पण आहे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये त्या खेळाच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांखाली आपोआप अद्ययावत होण्याची खूण काढून टाकता येते. बँकेच्या किंवा इतर कामाच्या अ‍ॅपबाबत मात्र हे करू नये, तिथे सुधारणा सुरक्षिततेसाठी आवश्यक असतात. खेळाची प्रगती खात्याशी जोडलेली आहे का, ते पाहावे, नाहीतर टॅब्लेट बिघडला की सारे गेले. नवा खेळ निवडताना इंटरनेट बंद करून तो चालतो का, हे तपासावे. खरेदीला पासवर्ड लावावा. नवी आवृत्ती घ्यावीच लागली तर पहिले दोन दिवस शेजारी बसावे.

आणि एक भेद ध्यानी ठेवावा. बदललेल्या पडद्यापुढे अडखळणे कोणत्याही वयात घडते. परंतु ज्यात काहीच बदललेले नाही, अशा नेहमीच्या गोष्टींत, जसे गॅस बंद करणे, ओळखीच्या वाटेने घरी येणे, सुट्या पैशांचा हिशेब, जर वारंवार चुका होऊ लागल्या, तर खेळाला दोष देत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. मोतीबिंदू आणि ऐकू कमी येणे यांचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी.

बाबांच्या खेळाचाही यंदा दुसरा भाग आला. त्यांनी दहा मिनिटे तो पाहिला आणि "माती ओळखीची नाही" म्हणून मिटला. जुन्या वाडीत आता नवे काही येत नाही, पण पाणी देता येते. आमच्या घरी औषधांची एक वही आहे. तिच्यात गोळ्यांची नावे, वेळा आणि डॉक्टरांचे क्रमांक आहेत. शेवटच्या पानावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात खेळाच्या खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द लिहून ठेवला आहे आणि शेजारी त्या वाडीचे छापून आणलेले छायाचित्र चिकटवले आहे.