शून्यांच्या रांगेत हरवलेले अंतर

शाळेच्या पुस्तकात सूर्य 15 कोटी किलोमीटरवर असतो आणि तो आकडा जन्मभर लक्षात राहतो. पुढे वर्तमानपत्रांतून तारे भेटू लागतात, तेव्हा प्रकाशवर्षांच्या शेजारी वाचकाच्या सोयीसाठी म्हणून किलोमीटरांची लांबलचक रांग छापलेली असते. माझ्या मते त्या रांगेने सोय फारशी होत नाही. उलट ते अंतर मुळात कळले कसे, याची खूण मात्र पुसली जाते. केप्लरच्या तिसऱ्या नियमामुळे ग्रहांच्या अंतरांची प्रमाणे 17व्या शतकातच हाती आली होती. सूर्य-पृथ्वी अंतर, म्हणजे खगोलीय एकक, 1 धरले की गुरू 5.2 वर. पण त्या एकाचे किलोमीटर किती? त्यासाठी 1761 आणि 1769 साली शुक्राची सूर्यबिंबावरून होणारी अधिक्रमणे टिपायला दूरदेशी मोहिमा गेल्या. त्या नोंदींवरून खगोलशास्त्रज्ञ एन्के यांनी 19व्या शतकात काढलेले उत्तर 15.3 कोटी किलोमीटरांच्या आसपास होते. आजचे आहे 14.96 कोटी. या फरकाने गुरूचे अंतर किलोमीटरांत पावणेदोन कोटींहून अधिक चुकते, 5.2 मात्र जागचा हलत नाही. ताऱ्यांची अंतरे सांगणाऱ्या पार्सेक या एककाचेही तेच. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो, तो पराशयाचा कोन. सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्याचा कोन 0.77 विकला, 1 ला त्याने भागले की अंतर आले, 1.3 पार्सेक. मोजणी आणि उत्तर यांच्यात एका भागाकारापुरतेच अंतर.

कोणी म्हणेल, किलोमीटर निदान पायांना ठाऊक असतो. पार्सेक कोणी पाहिलाय? खरे आहे, पण पायांना ठाऊक असतात ते दहा-वीस किलोमीटर. प्रॉक्सिमापर्यंतचे 40 लाख कोटी किलोमीटर कोणाच्याच ओळखीचे नाहीत. शिवाय मीटरची व्याख्याही 1983 पासून प्रकाशावरच टेकली आहे: सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात प्रकाश जेवढे जातो तेवढा मीटर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रूपांतर केलेच नाही तर आकाश आपल्या व्यवहारापासून तुटेल. व्हॉयेजर-1 हे अंतराळयान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर जाते. या वेगाने प्रॉक्सिमाएवढे अंतर कापायला सुमारे 75 हजार वर्षे लागतील, हे किलोमीटरांवाचून कळत नाही. मान्य. तिथे रूपांतरातून काही निष्पन्न होते, म्हणून तिथे ते करावेच. नुसत्या थक्क करण्यासाठी ते नको.

कल्पनेला आधार हवा असेल तर एक सुरेख योगायोग हाताशी आहे. मैलात 63,360 इंच असतात आणि प्रकाशवर्षात सुमारे 63,241 खगोलीय एकके. म्हणून पृथ्वी सूर्यापासून 1 इंचावर ठेवली, तर नेपच्यून 30 इंचांवर येतो आणि प्रॉक्सिमा जवळजवळ सव्वाचार मैलांवर. खगोलावर लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: वाचकाला शून्ये मोजायला लावू नका, प्रमाण सांगा.